पन्नासपर्यंत म्हणतो, पण चार अंडी मोजून देत नाही. टॅब घ्यावा का?

नंदगडरोड_किराणा

नमस्कार. खानापूर तालुक्यात आमचं छोटं किराणा दुकान आहे. मुलगा चिन्नू, पुढच्या महिन्यात चार पूर्ण होतील. मिस्टर म्हापशाला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला असतात. शनिवारी रात्री चोर्ला घाटातून येतात, सोमवारी पहाटे परत. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. दुकान सकाळी साडेसहाला उघडतं ते रात्री नऊला बंद होतं, आणि चिन्नू दिवसभर गल्ल्याच्या बाजूला खेळत असतो.

दोन वर्षांचा होता तेव्हापासून मोबाईलवर आकड्यांची गाणी बघतो. वन टू थ्री करत फिफ्टीपर्यंत न अडखळता म्हणतो. पाहुणे आले की आम्ही म्हणायला लावतो, सगळे टाळ्या वाजवतात. मलाही फार अभिमान होता. गेल्या मंगळवारी शेजारच्या आजी चार अंडी न्यायला आल्या. मी गूळ फोडत होते, हात चिकट. म्हटलं, चिन्नू, आजींना चार अंडी दे बघू. तो ट्रेपाशी गेला, एक उचललं, दुसरं उचललं, मग छातीशी धरून मावतील तेवढी घेऊन आला. सहा होती, त्यातलं एक फुटलं. मी म्हटलं, मोज. त्यानं एकाच अंड्यावर बोट ठेवलं आणि वन, टू, थ्री, फोर, फाईव्ह म्हणून माझ्याकडे बघत राहिला, टाळीची वाट बघत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

परवा एक जण दुकानात येऊन लहान मुलांच्या गणिताचा टॅब दाखवून गेला. वर्षाचे बारा हजार, हप्त्यानं. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, मी तिकडे असतो, निदान पोरगं मागं पडायला नको. माझं मन होत नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडत नाही.

अजून एक. अंगणवाडीत मराठी आणि कन्नड, मोबाईलवर इंग्रजी, आणि गल्ल्यावरचा पैसे आल्याचं सांगणारा डबा दिवसभर कन्नडमध्ये 'इप्पत्तु रूपायि' करतो. चिन्नू 'वन, दोन, मूरु' असं मोजतो. यानं गोंधळ होतोय का? वजनकाट्याशी खेळायला त्याला फार आवडतं, बटाटा ठेवतो, आकडा बघतो. ते शिकण्यात धरायचं का?

शहापूरच्या_बालवाडीबाई

अगं पोरी, आधी झोप घे. तुझं लेकरू मागं पडलेलं नाही. एकतीस वर्षं शहापुरात बालवाडी चालवली, चार वर्षांच्या दर दहा मुलांत तीन-चार तरी चिन्नूसारखीच असायची.

पन्नासपर्यंत म्हणणं हे त्याच्यासाठी 'शुभं करोति' म्हणण्यासारखं आहे. पाठ झालंय, चालीत बसलंय. मोजणं म्हणजे दुसरंच काहीतरी. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वगळायची नाही, एकही दोनदा धरायची नाही, आणि शेवटी जो आकडा आला तो त्या शेवटच्या वस्तूचं नाव नसून सगळ्यांचा मिळून आहे, हे उमगायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. 'मोज' म्हटलं की मूल सुंदर मोजतं, आणि लगेच 'मग किती आहेत?' विचारलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. याचा अर्थ 'किती' अजून उमगलेलं नाही.

म्हणून आम्ही 'मोज' न म्हणता 'दे' म्हणायचो. एक दे. दोन दे. तीन दे. कॅरन विन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या सुमारास हेच करून दाखवलं, की मूल आधी फक्त 'एक' बरोबर देतं आणि बाकी काहीही मागितलं की मूठ भरून देतं. मग काही महिन्यांनी 'दोन' येतं, पुन्हा काही महिन्यांनी 'तीन'. मग साधारण साडेतीन-चारच्या आसपास, काहींचं त्यानंतरही, एकदम कुलूप उघडतं आणि पुढचे सगळे आकडे कळायला लागतात. चिन्नूनं एक उचललं, दुसरं उचललं आणि मग मूठ भरली असं तूच लिहिलंयस. त्याला दोन येतं गं. तुझ्या लक्षात आलं नाही इतकंच.

आता टॅबचं. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण मॉन्टेसरीच्या साहित्यात एक काड्यांची पेटी असते. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि बरोबर पंचेचाळीस काड्या, एक जास्त नाही, एक कमी नाही. मूल एकच्या कप्प्यात एक, दोनच्या कप्प्यात दोन असं घालत जातं. मध्ये कुठं चुकलं की नऊच्या कप्प्याला काड्या अपुऱ्या पडतात, नाहीतर हातात उरतात. कुणी 'चूक' म्हणत नाही. मूल स्वतःच थांबतं, पेटीकडं बघत बसतं, मग एकेक कप्पा उपसायला लागतं. ते बघत बसणं म्हणजेच शिकणं. माझ्याकडं पैसे नव्हते, मी खराट्याच्या हिरांवर चालवलं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर अंगणातल्या वस्तूंवरच बालवाडी उभी केली.

टॅब टुंग करून चूक सांगतो. चूक पोराच्या हाताला कळली पाहिजे. तुझ्या दुकानात तर दिवसभर मोजण्यासारखंच सगळं आहे. तुझ्यासारखी शाळा मला एकतीस वर्षांत मिळाली नाही.

वजनकाटा मात्र सध्या बाजूला ठेव. तीन बटाटे ठेवल्यावर काटा चारशे बारा दाखवतो. तो 'किती जड' सांगतोय आणि पोर 'किती' शिकतंय. जास्त ठेवलं की आकडा वाढतो, एवढं बघायला ठीक. मोजणं पक्कं झालं की मग काढ.

टिळकवाडी_ते_बंगळूर

वहिनी, बाईंनी मुळाचं सांगितलंच आहे. मी यंत्राच्या बाजूनं सांगतो. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, मुलगी पाच वर्षांची. गेल्या वर्षी तिच्यासाठी आकड्यांची सात-आठ ॲप उतरवून तिच्याशेजारी बसून बघितली.

बहुतेकांत एकच प्रकार होता. पडद्यावर पाच आंबे, खाली तीन आकडे, बरोबर आकड्याला बोट लावायचं. मुलगी पहिल्याला बोट लावायची, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिसऱ्यांदा तारा मिळायचाच. एका संध्याकाळी चाळीस तारे जमा झाले. मग जेवताना म्हटलं, पाच चमचे आण. सात आणले. दुसरी गोष्ट, आंब्याला हात लावला की ॲप स्वतःच 'एक, दोन, तीन' म्हणतं. म्हणजे मोजायचं काम ॲप करतं आणि मूल बोट नाचवतं. तुम्हाला ॲप वापरायचंच असेल तर आवाज बंद करा, मोजण्याचं तोंड त्याचं असू दे. आणि ज्यात 'टोपलीत चार घाल' असं सांगतात आणि मुलाला स्वतः थांबावं लागतं, तेच ठेवा. मला त्या सगळ्यांत असं एकच सापडलं. बारा हजार द्यायच्या आधी त्या विक्रेत्याला हेच दाखवायला सांगा.

वेळेचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, कमी तितकं बरं. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं, २०२१ चं म्हणणंही तेच, दोन ते पाच वर्षांना एका तासाच्या आत, आणि तेही मोठं माणूस शेजारी असताना.

टॅबपेक्षा चांगलं यंत्र तुमच्या गल्ल्यावर आधीच आहे. कॅल्क्युलेटर. शून्य अधिक एक दाबा, मग फक्त 'बरोबर'चं बटण दाबत राहा. एक, दोन, तीन असा आकडा पुढं सरकतो. काही मशीनवर अधिकचं बटण दोनदा दाबावं लागतं, एकदा करून बघा. आता चिन्नूला सांगा, पिशवीत एक पुडी टाकली की एकदा बटण. शेवटी पडद्यावर जो आकडा राहतो तोच पिशवीतल्या पुड्यांचा. बाई म्हणतात ती 'शेवटचा आकडा सगळ्यांचा' ही गोष्ट त्याला डोळ्यांनी दिसेल.

आणखी एक, यात यंत्र काहीच नाही. गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरच्या बालवाडीतल्या मुलांना एक सरळ पट खेळायला दिला. एका ओळीत एक ते दहा घरं, चकती फिरवायची, एक किंवा दोन घरं पुढं जायचं. थोडा थोडा करून सगळा मिळून साधारण तासभराचा खेळ. त्या मुलांचं आकडे ओळखणं, मोजणं, लहान-मोठा आकडा सांगणं, सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकलं. घरांत आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट ज्यांना दिला, त्यांचं काही सुधारलं नाही. यातली खरी मेख अशी की चारच्या घरावरून दोन पुढं जाताना 'एक, दोन' म्हणायचं नाही, 'पाच, सहा' म्हणायचं. दुकानाच्या पायरीवर खडूनं काढा. चकतीऐवजी चिंचोका एका बाजूनं घासून पांढरा करा. पांढरी बाजू पडली तर एक, काळी पडली तर दोन.

निपाणीची_आई

सगळ्यांचं वाचलं. चांगलं आहे. मला पण साडेतीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून लिहिते.

मी घरी विड्या वळते. मजुरी हजारावर. सूप मांडीवर घेतलं की दोन-दोन तास उठता येत नाही. तंबाखूची भुकटी उडते, पोरगी जवळ आली की खोकते. म्हणून तिला पलीकडच्या खोलीत कॉटवर बसवते आणि हातात मोबाईल देते. मी काही हौसेनं देत नाही. शेजारी बसा म्हणता, ते माझ्याकडून कसं व्हायचं? मोबाईल नको म्हणणारे खूप भेटतात, पोरीला कुठं ठेवू ते कुणी सांगत नाही.

शहापूरच्या_बालवाडीबाई

निपाणीच्या लेकी, तू तिला सुपापासून लांब ठेवतेस हे पहिलं बरोबर केलंस. ते सोडू नकोस, मोबाईल द्यावा लागला तरी चालेल.

पण मोबाईलचा नुसता आवाज वापरून बघ. आमच्या बालवाडीत शेवटच्या वर्षांत एका आईनं मला हे शिकवलं. रात्री सगळे झोपले की फोनवर स्वतःच्या आवाजात पाच मिनिटं बोलून ठेव. "एक चिमटा डब्यात टाक." मग दहा आकडे मनात मोजेपर्यंत गप्प बस, तिला टाकायला वेळ दे. "आता अजून एक टाक." पुन्हा गप्प. "किती झाले? दोन झाले." मग "सगळे काढ, आता मला दोन दे, डब्याच्या झाकणावर ठेव." नाव घेऊन बोल, तिच्या नावानं. पडदा पालथा ठेवायचा, फोन उशाला. तिचे हात चिमट्यांत गुंततील आणि कानांत तुझा आवाज राहील. रोज तेच लावलंस तरी चालेल, मुलांना तेच तेच आवडतं. आठवड्यानं नवीन भरून ठेव.

कपडे वाळत घालायचे चिमटे मुद्दाम म्हणतेय. तू खोलीत नसताना चिंचोके, शेंगदाणे, मणी देऊ नकोस. नाकात घालतात. माझ्या बालवाडीत दोनदा दवाखाना गाठावा लागलाय.

संध्याकाळी काम संपवून, हात धुऊन, दहा मिनिटं तिनं झाकणावर काय ठेवलंय ते बघ. तेवढं पुरे आहे गं.

अंगणवाडी_जांबोटीकडची

मी अंगणवाडीत शिकवतो. आमच्यात मराठी, कन्नड, कोकणी बोलणारी पोरं हायत, दोन उर्दूवाली. भाषेचं म्हणून लिवतो.

'वन, दोन, मूरु' हे आमच्याकडं निम्मी पोरं म्हणत्यात. घाबरायचं काम नाही. खरं एक लक्षात ठेवा, मोजणं म्हणजे काय हे पोराला एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत सोपं जातंय. कळायच्या आधी तीन भाषेतनं तीन गाणी लावली तर नुसती गाणीच ऱ्हात्यात. म्हणून मोजताना घरात एकच धरा, आजी बोलती तीच. एक ते दहा. दहाच्या वर आत्ता जाऊच नका.

मी काय करतो, तोंडानं काय बोलायच्या आधी तीन बोटं वर करतो. पोरं पण करत्यात. मग मराठीवाली 'तीन' म्हणतात, कन्नडवाली 'मूरु' म्हणतात. बोटं सगळ्यांची सारखीच. दोन दिवसांनी कन्नडवाली पण 'तीन' म्हणायला लागतात आणि मराठीवाली 'मूरु'.

वीसच्या पुढं मात्र खरंच फरक हाय. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, म्हणजे आधी वीस, मग एक, मग दोन. लिवल्यासारखंच बोलायचं. आपल्यात एकवीस, बावीस, आधी सुटा, मग वीस. पोरगं ऐकून लिवतं तेव्हा बावीसचा दोन आधी म्हणून उलटं करायला बघतंय. २०१९ ला महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' असं वाचायची पद्धत घातली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणितातल्या मंगला नारळीकर बाईंनी तवा समजावून सांगितलं होतं की पोरांना सोपं जावं म्हणून ते हाय. आम्हा सीमेवरच्यांना ते लगेच पटलं, कारण कन्नड पोरं वीसच्या पुढं कशी सरसर जातात ते आम्ही रोज बघतो. तुमच्या डब्याची भाषा बदलू नका. 'इप्पत्तु' कानावर पडू दे, त्याला पुढं इथंच वागायचंय.

आकड्यांच्या आकाराचं मात्र सांभाळा. आपला देवनागरी एक बघून पोरं नऊ म्हणतात, कारण इंग्रजी नऊ तसाच दिसतोय. देवनागरी चारला आठ म्हणतात. वर बसच्या पाटीवर कन्नड आकडे, ते तिसरेच. चिन्नूला ज्या शाळेत घालणार तिथं पहिलीला कुठले आकडे लिवून घेतात ते विचारा आणि आत्ता तेवढेच दाखवा. खडूच्या पटावर पण तेच काढा. कॅल्क्युलेटरवर इंग्रजी आकडे असतात, ते ध्यानात ठेवा.

नंदगडरोड_किराणा

सगळ्यांना नमस्कार. सव्वा महिना झाला, म्हणून लिहिते.

टॅब घेतला नाही. मिस्टरांना बाईंचा निरोप वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, माझा काहीतरी हातभार लागावा एवढंच मला पाहिजे होतं. म्हणून आता रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल होतो तेव्हा पहिली पाच मिनिटं दोघांची. ते शेडमधले नट हातावर धरतात, "माझ्याकडे एवढे, तुझ्याकडे तेवढेच दाखव." चिन्नू काजूच्या बिया धरतो. दोन, तीन असतात. एकदा मिस्टरांनी मुद्दाम एक नट खाली पाडला. चिन्नूनं आपल्या हाताकडं बघितलं, फोनकडं बघितलं आणि एक बी डब्यात परत टाकली. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

कॅल्क्युलेटरचं पहिल्या आठवड्यात जमलं नाही. बटण दाबलं की आकडा पळतो हेच त्याला आवडलं, तीनशेच्या वर गेला. मी दोन दिवस कॅल्क्युलेटर उचलून ठेवला. मग हळदीच्या छोट्या पुड्या बरणीत भरताना परत दिला, पुडी त्याच्या हातात आणि मशीन माझ्या हातात. तो पुडी टाकणार, मी मशीन पुढं करणार, तो एकदा दाबणार. तेव्हा जुळलं. आता पुडी हातात नसेल तर तो बटणाला हात लावत नाही.

पायरीवरचा पट सासूबाईंनी ताब्यात घेतलाय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघांचा डाव चालतो. त्यांचाच आवाज फोनवर भरून ठेवलाय, मला सकाळी माल उतरवून घ्यायचा असतो तेव्हा लावते. निपाणीच्या ताई, तुमच्यामुळे ते मला मिळालं. शाळेत विचारून आले, पटावरचे आकडे तसे पुसून नवीन काढले. पन्नासपर्यंतचं म्हणणं मात्र पाहुण्यांपुढं आम्ही बंद केलंय.

आता एक विचारायचं आहे, बाई. अंडं फुटलं तेव्हापासून मी त्याला सांगितलंय की एका हातात एकच अंडं. काल त्याच शेजारच्या आजी आल्या, त्यांनीच त्याला चार मागितली. तो गेला, दोन हातांत दोन आणून त्यांच्या पिशवीत ठेवली. परत गेला, आणखी दोन आणली. मग ट्रेकडं वळला नाही, तिथंच उभा राहिला. आजी म्हणाल्या, चार झाली का रे? तो पिशवीत वाकून बघत म्हणाला, "दोन झाली. दोनदा."

याला चार यायला लागलं म्हणायचं का?